खंयच्या बंदराचो तक्तो?

"ओ बाई, हो तक्तो तुमचो?"

किल्ल्याची सहल आटोपून शाळेच्या मुली धक्क्यावर उतरल्या होत्या. मसुऱ्याच्या शाळेतली त्यांची शिक्षिका रसिका सगळ्यांत मागे. वळून बघते तो तिच्या पिशवीतून पडलेला कागद हातात धरून होडीवाला विनीत उभा! केसांत खारं पाणी, कपाळावर आठी.

"खंयच्या बंदराचो हो? अमावास्येक उधाण सोडून भांगाची बारकी भरती दाखवता! ह्येच्यार होडी सोडलंय तर सरळ खडकार जातलंय."

महिन्याच्या तारखा, पुढे एक ते सहा आकडे, कुठे चढ, कुठे उतार... भरती-ओहोटीवर जगणाऱ्याला दुसरं काय वाटणार? रसिकाला असं हसू फुटलं की डोळ्यांतून पाणी आलं.

"बंदराचो न्हय... माझ्या डोक्याचो."

छे! हे कशाला बोललो आपण? पण तो हसला नाही. "मगे?" एवढंच म्हणाला. बस यायला अवकाश होता, आणि ती सांगत गेली. पाळीआधी अंगात एक स्टेरॉइड तयार होतं, मेंदूत जाऊन त्याला शांत करतं. तिच्या मेंदूला मात्र त्याचा चढउतार सोसत नाही. महिन्याचे आठ दिवस नुसता काळोख. तशाच दिवसांत तिने ठरलेलं लग्न मोडलं होतं — का, ते नंतर तिचं तिलाच सांगता येईना. गाव म्हणालं, बाधा. डॉक्टर म्हणाल्या, गोळी घे आणि रोजचं मन आकड्यात लिही.

"स्टेरॉइड? ता जिमात घेतत ता?"

"त्येचा लांबचा भावंड!"

मग शनिवार आले. शाळा सुटली की धक्का, तळलेले बांगडे, आणि त्याचं ते तिरकं बघणं... तीन महिन्यांनी एका शनिवारी तो होडी पुसता पुसता, मान वर न करता म्हणाला, "रसिका, लगीन करशीत माझ्याशी?"

होय अगदी ओठांवर — आणि तिला तारीख आठवली.

"आता नको विचारू. उद्यापासून माझे ते दिवस. आज होय म्हणान उद्या नाही म्हटलंय तर खरा कोणाचा धरशीत, माझा काय त्या दिवसांचा?"

"बरा. दिस सरल्यार विचारतंय."

चौथ्या दिवशी तीच धक्क्यावर आली. डोळे सुजलेले.

"गोळी घेतलंस?"

"घेतलंय. पण सगळाच नको वाटता. शाळा नको, जेवण नको, आरशातली मी नको."

"बस हय. मी काय विचारूचंय नाय."

ती बसली. लाटा खांबांवर थडकत राहिल्या. तो शहाळं सोलत होता.

"विनीत —"

"काय गो?"

"तू मात्र माका व्हयो."

कोयता हातातच राहिला. "ह्या कोण बोलता? तू, काय ते दिवस?"

"ते दिवस काय काय बोलतत, ता माका तोंडपाठ आसा," ती ओल्या डोळ्यांनी हसली. "ह्या त्येंच्यात नाय."

विनीतने शहाळं तिच्या हातात कोंबलं, उडी मारून होडीत गेला आणि धडाड्कन इंजिन सुरू केलं — दोर सोडायला साफ विसरून.