फ्रिजची मागची बाजू

त्या वर्षापर्यंत सांगलीत मुलांना कंटाळा येणं जवळपास बंद झालं होतं. तो परस्पर पालकांना यायचा.

उदयन खिरेच्या घरात दोघंच, बापलेक. नऊ वर्षांची मैथिली रोज संध्याकाळी कपाळाला निळी पट्टी बांधून गृहपाठाला बसायची आणि उदयन तशीच पट्टी बांधून शेजारी सोफ्यावर. तिची गणितं फटाफट सुटायची. त्याला मात्र समोरची भिंत संपता संपत नसे.

पट्टीचं शास्त्रीय नाव लांबलचक होतं, लोक तिला कंटाळापट्टी म्हणत. ती शोधून काढणाऱ्या डॉ. फडतरे त्याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर राहायच्या. त्या पहिल्यांदा पट्ट्या घेऊन आल्या तेव्हा उदयनने विचारलं होतं, "मॅडम, पण हिचा कंटाळा जातो कुठं?"

"तुमच्या फ्रिजच्या मागे हात लावून बघा."

त्याने लावला. "गरम आहे."

"आत बर्फ होतो म्हणजे आतली उष्णता मरत नाही, मागून बाहेर पडते. कंटाळ्याचंही तेच. 'आता पुरे' असं सांगणारा तो मेंदूतला एक संदेश असतो. तो पुसता येत नाही. दुसऱ्या मेंदूत ढकलता येतो."

"म्हणजे मैथिली फ्रिज."

"आणि तुम्ही फ्रिजची मागची बाजू." बाई हसल्या नाहीत. त्यांचा स्वतःचा मुलगा दहावीत होता. "फक्त साठवू नका. दर रविवारी आवडीचं काहीतरी करायचं. जीव रमला की कंटाळा निथळून जातो. त्याला आम्ही निचरा म्हणतो."

उदयनच्या आवडीचं एकच होतं, मैथिलीबरोबर कॅरम. पट्टी घेतली तीही त्याचसाठी. एरवी गृहपाठ जेवणापर्यंत रेंगाळायचा आणि कॅरमबोर्ड कपाटामागे पडून राहायचा. पहिले काही रविवार दोघांनी धमाल केली. राणी घेतली की मैथिली खुर्चीवर उभी राहून विजयी भाषण करायची. त्यात बाबाच्या खेळाविषयी एकही चांगला शब्द नसे.

मग स्कॉलरशिपचं वर्ष आलं. मुलं गृहपाठ लवकर संपवतात हे शाळेच्या लक्षात आलं, म्हणजे अर्थातच तो कमी पडत होता. शाळेने दुप्पट दिला. तोही संपला, तेव्हा चौपट दिला. रविवारी सराव परीक्षा सुरू झाल्या.

"तू फक्त अभ्यास कर, बाकीचं मी बघतो," उदयन म्हणाला. "परीक्षा झाली की निचरा एकदम करू."

घराघरात आईबाप हेच म्हणत होते. कंटाळा म्हणजे माळ्यावरचं सामान, दिवाळीच्या साफसफाईत एकदा काढलं की झालं, अशी सगळ्यांची समजूत. त्या मार्चमध्ये सोसायटीची सभा भरली, तेव्हा पाण्याच्या प्रश्नावर कुणीही भांडलं नाही. सभा संपली असंही कुणी म्हणालं नाही. सकाळी दूधवाल्याने येऊन सगळ्यांना उठवलं.

परीक्षा झाली. मैथिलीने कॅरमबोर्ड ओढत आणला, पावडर टाकली. उदयनने सोंगट्यांकडे बघितलं. त्या गोल होत्या. त्यांच्याविषयी आणखी काही सांगण्यासारखं नव्हतं.

मैथिली राणी घेऊन खुर्चीवर चढली. भाषण सुरू झालं आणि उदयनच्या लक्षात आलं की आपल्याला कंटाळा आलाय, आणि तो तिच्याकडे बघून आलाय. हे भयंकर आहे हे त्याला कळत होतं. पण घाबरायचाही कंटाळा आला.

मैथिली खुर्चीवरून उतरली आणि फडतरे बाईंना बोलावून घेऊन आली. बाईंनी त्याला तपासलं.

"जीव रमल्याशिवाय निचरा नाही, आणि इतका कंटाळा असताना जीव रमत नाही. दार आतून बंद झालंय आणि कडी काढायची इच्छा बाहेर राहिलीय."

"मग उपाय काय?" हे मैथिलीने विचारलं. उदयनने काही विचारलं नव्हतं.

"पट्ट्या उलट्या बांधल्या तर सगळं आलं तिथं परत जातं. पण वर्षभराचं एकदम जाईल, बाळा. बाबांनी हो म्हटल्याशिवाय मी ते करणार नाही."

मैथिली त्याच्यासमोर मांडी घालून बसली. "ए बाबा, मी परत घेऊ का? माझाच तर आहे."

उत्तर उदयनला माहीत होतं. नको. दोन अक्षरं. आयुष्यात दुसरं काही त्याला इतकं लख्ख दिसलं नव्हतं. ते नुसतं मनातून उचलून तोंडापर्यंत आणायचं होतं. त्याने अंतराचा अंदाज घेतला. फार लांब वाटलं.

"बघ," तो म्हणाला, "तुला काय करायचं ते कर."

बाईंनी हात पुढे करायच्या आत तिने दोन्ही पट्ट्या उलट्या बांधल्या.

खोलीला रंग आला. बोर्डाचं लाकूड, पावडरीचा वास, खिडकीतून आलेली उन्हाची तिरीप, आणि समोर आपली पोर. उदयनच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. हे सगळं इथंच होतं, इतके दिवस.

"चल, डाव मांडू," तो म्हणाला. "राणी तुझीच. खुर्ची आणून ठेवू?"

मैथिलीने त्याच्याकडे बघितलं. पूर्वी ती एकोणिसाच्या पाढ्याकडे बघायची, तसं.

"मांड," ती म्हणाली.