सावळीच्या गाळातली सात वर्षं

गाळ चक्क खोटं बोलत होता! आमच्या वडघाटात पहिला कापडरंगाईचा कारखाना आला त्याला झाली नव्वद वर्षं. आणि माझ्या हातातल्या नळीतला गाळ म्हणत होता, सावळी नदी एकशे ऐंशी वर्षांपूर्वीच काळी झाली होती. मग कारखान्याआधी घाण आली कुठून?

मला हे कोडं दुसऱ्या दिवसापर्यंत सोडवायचं होतं. नव्या घाटाच्या भिंतीवर वडघाटाचा इतिहास लिहायचं काम आमच्या नववीच्या वर्गाकडे होतं आणि शेवटची ओळ ठरली होती: 'रंगखात्याने नदी मारली, कायद्याने वाचवली.' शेजारच्या गायकर आजोबांनी कारखान्याच्या रंगखात्यात तीस वर्षं काढली होती. त्यांना ओळ वाचून दाखवली तर म्हणाले, "लिही की. खोटं कुठाय त्यात?" पण त्या दिवसापासून ते घाटावर यायचे बंद झाले. मला काही ते बघवेना. म्हणून खरं काय घडलं ते गाळात बघायला मी शाळेच्या पाणकोंबडीला घेऊन नदीवर गेले.

पाणकोंबडी म्हणजे आमचा लांब पायांचा यंत्रमानव. तिने बंधाऱ्यामागच्या शांत डोहात पोकळ नळी खुपसली आणि गाळाचा गाभा (थर न विस्कटता काढलेला उभा नमुना) वर काढला. पट्टे मी स्वतः मोजले, दोनदा.

"शाल्मली, तू पदर मोजून पोळ्या किती ते सांगतेस," पाणकोंबडी म्हणाली.

मग तिने समजावलं. पावसाळ्यात नदीला जोर असतो, तेव्हा जाड वाळू येते. पुढे पाणी संथ झालं की बारीक चिकण गाळ बसतो. म्हणजे एक जाड आणि एक बारीक, असे दोन पट्टे मिळून एक वर्ष. मी प्रत्येक पट्ट्याला वर्ष धरलं होतं! एकशे ऐंशीचे निम्मे नव्वद. गाळ खरा होता, चूक माझीच होती.

आता गाभा पुस्तकासारखा वाचता येऊ लागला. जितकं खोल, तितकं जुनं. तळाशी शिंपल्यांचे तुकडे होते, म्हणजे इथे नुसती कोळ्यांची वस्ती होती तो काळ. त्यावर कारखान्याच्या बॉयलरची काळी राख, मग विटांचा लाल चुरा, कारण तेव्हा कामगारांच्या चाळी आणि आमची शाळा उभी राहत होती. मग निळे-जांभळे पट्टे. आणि वरून बावन्नाव्या जोडीपाशी रंग एकदम फिका!

पण सांडपाणी शुद्ध करायचा कायदा इथे लागू झाला पंचेचाळीस वर्षांपूर्वी. मग आधीची सात वर्षं नदी कोणी सांभाळली? पाणकोंबडीने त्या पट्ट्यांवर प्रकाशझोत टाकला आणि सांगितलं की इथे अ‍ॅल्युमिनियम जास्त आहे, बहुतेक तुरटीतून आलेलं.

मी धावतच आजोबांकडे गेले. आधी त्यांनी विषय टाळला. मग हळूहळू सांगू लागले. रंगखात्यातल्या अकरा जणांनी सुट्टीच्या दिवशी कारखान्यामागे खड्डे खणले होते. घरी माठात तुरटी फिरवतात ना, तशी ते रंगाच्या पाण्यात फिरवायचे. तुरटीमुळे घाणीचे सुटे कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि तळाशी बसतात (याला निवळणं म्हणतात). मग वरचं पाणी तेवढं नदीत सोडायचे.

"सगळा रंग नाही जायचा गं. निम्मा जायचा. त्यात सांगण्यासारखं काय?"

मी वही काढली, ती ओळ खोडणार इतक्यात त्यांनी माझा हात धरला.

"मारली ते राहू दे. मारली आम्हीच. पुढचं फक्त जोड."

आता भिंतीवर असं लिहिलंय: 'रंगखात्याने नदी मारली. त्याच खात्यातल्या अकरा जणांनी ती आधी निवळायला घेतली, मग कायदा आला.' खाली अकरा नावं आहेत. आजोबा आले, प्रत्येक नावावरून बोट फिरवलं आणि मग पायऱ्या उतरून पाण्यात पाय सोडून बसले. मी त्यांच्या पाया पडले. आमच्या वर्गाला सावळीत पोहता येतं ते या अकरा जणांमुळे, हे तोवर मला ठाऊकच नव्हतं.

गाभ्याच्या सगळ्यात वरच्या पट्ट्यात प्लॅस्टिकचे बारीक कण सापडलेत. ते आमचे, आजोबांचे नाहीत. ते कसे खाली बसवायचे, हे अजून कोणाला नीट जमलेलं नाही. रविवारी आम्ही सगळे शाळेच्या सांडपाण्यासाठी शाळेमागे पहिला खड्डा खणतोय. तो किती खोल हवा, ते आजोबा सांगणार आहेत.