मुका तास

विद्यापीठातल्या मराठी विभागाच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, कोपऱ्यातल्या खोलीत दर मंगळवारी दुपारी तीन वाजता कथालेखनाचा वर्ग भरायचा. बारा बाक, एक फळा, आणि तीनच्या आकड्यावर ठेवला तरच फिरणारा एक पंखा. वर्ग घेणाऱ्या बाईंना विद्यार्थी पाठीमागे कात्रीबाई म्हणत. बाईंना ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं. ‘काढा’ हा त्यांचा लाडका शब्द. विशेषण दिसलं, काढा. आभाळ भरून आलं, काढा. शेवटी कुणी रडलं तर रडणं काढा, आणि त्याने भागत नसेल तर रडणाराही काढा. वर्गातल्या दातांच्या डॉक्टरांनी एकदा कुरकुर केली की बाई, माझ्याकडे भूल तरी देतात हो. सगळे खो खो हसले. बाई हसल्या नाहीत.

बाईंची स्वतःची एक कादंबरी होती, बावीस वर्षांपूर्वीची. बरी होती. तिच्या जोरावर नोकरी लागली, आणि नोकरी लागल्यावर लिहिणं जे बंद पडलं ते पडलंच. एका मासिकाचे संपादक दर वर्षी फोन करायचे, "यंदा तरी कथा देणार ना?" बाई दर वर्षी हो म्हणायच्या. गेली दोन वर्षं संपादकांनी विचारणंच सोडलं होतं आणि ते बाईंच्या फार जिव्हारी लागलं होतं. दुसऱ्यांची वाक्यं सरळ करता करता उभी हयात गेली आणि स्वतःचं एक पान धड होत नाही. हे सांगायचं तरी कुणाला? विभागात सांगितलं असतं तर चहाबरोबर चघळलं असतं लोकांनी.

वर्गाची एक रीत होती. तिला ‘मुका तास’ म्हणत. ज्याची कथा असेल त्याने आदल्या आठवड्यात सगळ्यांना प्रती वाटायच्या आणि मंगळवारी तोंडाला कुलूप लावून बसायचं. तासभर एक अक्षर बोलायचं नाही. इतरांनीही त्याचं नाव घ्यायचं नाही, त्याच्याकडे पाहायचं नाही. ‘लेखकाला इथे काय म्हणायचंय’, ‘लेखकाचा इथे गोंधळ झालाय’, असंच बोलायचं, मग तो लेखक शेजारी बसून घाम का पुसत असेना. "वाचक वाचत असेल तेव्हा तुम्ही त्याच्या कानाशी बसून समजावणार आहात का?" बाई विचारायच्या. "नाही ना? मग तुम्ही नाहीच आहात असं समजा." तास संपला की बाई दोन शब्द बोलायच्या, "लेखक हजर." मग त्या माणसाला कंठ फुटायचा, कुणीतरी पाठ थोपटायचं आणि सगळे घरी जायचे.

त्या वर्षीच्या वर्गात एक मुलगी होती, बावीस वर्षांची. बाकीचे सगळे केस पिकलेले किंवा पिकायला आलेले, म्हणून तिचं नाव पडलं शेंडेफळ. तिसऱ्या बाकावर खिडकीशी बसायची. निवृत्त वकीलकाका तिला मुद्दाम छळायचे. "शेंडेफळा, तेवढी खिडकी लाव गं, म्हाताऱ्यांना वारा बाधतो." ती उठून लावायची आणि हसायची. तिची पाळी पहिल्या फेरीत सगळ्यांत शेवटी आली.

कथा सात पानांची होती. एका लिफ्टमनची मुलगी, बाप गेल्यावर त्याच्या कामाच्या जागेवरचं लोखंडी कपाट रिकामं करायला जाते. कपाटात डबा, चष्मा, जुनी छत्री, आणि तळाशी कागदात गुंडाळलेले कोरे बूट. काळे, लाल नाड्यांचे, सहा वर्षांच्या मुलीच्या मापाचे. सहा वर्षांची असताना तिने अशाच बुटांसाठी हट्ट धरला होता आणि बापाने तिला धपाटा घातला होता. ती कपाटासमोर फरशीवर बसते आणि बुटात पायाचा अंगठा घालून पाहते. बस्स, एवढंच.

बाईंनी ती कथा सोमवारी दुपारी घरी वाचली. मग लाल पेन्सिल घेऊन पुन्हा वाचली. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत त्यांनी डोळ्यांत तेल घालून शोधलं आणि काढण्यासारखं काही सापडलं नाही. त्यांनी पेन्सिल खाली आपटली. आपण बावीस वर्षं ज्या दारावर डोकं आपटतोय ते या पोरीने कडी न वाजवता उघडलं, म्हणून त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला होता.

मंगळवारी वर्गातली एक शिक्षिका डोळे टिपत होती. वकीलकाकांनी दोनदा घसा खाकरला. "लेखकाने..." ते म्हणाले, "लेखकाने आम्हाला बोलायला जागाच ठेवली नाही, बाई." मुलगी रीतीप्रमाणे खाली मान घालून बसली होती. कान लाल झाले होते.

घंटा झाली. मुलीने मान वर केली आणि बाईंकडे पाहिलं. ती दोन शब्दांची वाट पाहत होती. ओठ अर्धवट उघडलेही होते.

बाईंनी चष्मा डबीत ठेवला, पर्स उचलली आणि त्या निघून गेल्या. नंतर त्यांनी स्वतःला सांगितलं की आपण विसरलो. विसरल्या बिसरल्या काही नव्हत्या.

पुढच्या मंगळवारी वकीलकाकांनी आपली जाडजूड पिशवी तिसऱ्या बाकावर ठेवली. मुलगी तिथेच बसली होती. ती मुकाट्याने खिडकीकडे सरकली.

"अहो, तिच्या अंगावर काय ठेवताय?" बाई म्हणाल्या.

"कुणाच्या?"

"शेंडेफळाच्या! दुसऱ्या कुणाच्या?"

वर्गाने त्या बाकाकडे पाहिलं, मग बाईंकडे पाहिलं. "शेंडेफळ कोण?" दातांच्या डॉक्टरांनी विचारलं. त्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती, तीच तर पंचाईत. बाईंना वाटलं, सगळे मिळून आपली फिरकी घेताहेत. त्यांनी हजेरीपट ओढला. एक ते अकरा. मध्ये कुठे खोडलेलं नाही, आकडा गळलेला नाही. अकराव्या नावाखाली कोरी रेघ.

मुलगी सगळं पाहत होती. हात बाकावर, ओठ मिटलेले. पंख्याने सगळ्यांचे कागद फडफडत होते. तिच्या कपाळावरची बट मात्र हलत नव्हती.

बाईंनी तो तास कसाबसा रेटला. विभागात येऊन त्यांनी शिपायाला विचारलं, प्रवेश अर्ज चाळले, कुठे काही नाही. तिसऱ्या मंगळवारी मुलगी पुन्हा होती, पण तिच्यातून मागच्या भिंतीवरचा ओलीचा डाग अंधुक दिसत होता. तेव्हा बाईंना कळून चुकलं. ही पोरगी रीत पाळत बसली होती. तिला कुणी हजर केलेलंच नव्हतं.

दोन शब्दांचा तर प्रश्न होता. तास संपला की म्हणून टाकायचं, असं बाईंनी ठरवलं. खरंच ठरवलं होतं, खोटं कशाला सांगा.

तास संपल्यावर वकीलकाका टेबलापाशी रेंगाळले. त्यांनी फाइलीतून सात पानं काढली. वरच्या कोपऱ्यात नाव असायचं ती जागा कोरी होती.

"बाई, तुम्ही नाव घातलं नाहीत, पण आम्ही काय कुक्कुली बाळं आहोत? ही तुमचीच कथा ना? पंधरा दिवस डोक्यातून जात नाहीये. रागावू नका, पण मी संपादकांना नेऊन दिली. ते माझ्या ओळखीतले. तुम्ही स्वतः कधी दिली नसती."

बाईंना खरं सांगायचं होतं. पण बावीस वर्षांत त्यांच्याकडे अशा डोळ्यांनी कुणी पाहिलं नव्हतं. "बघू," एवढंच त्या म्हणाल्या.

वकीलकाका गेले. सगळे गेले. चार वाजून गेले होते, खिडकीतून ऊन आत आलं होतं. बाई तिसऱ्या बाकासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

मुलीने मान वर केली.

"लेखक..." बाई म्हणाल्या.

मुलीच्या चेहऱ्यावर रंग चढला. मागचा ओलीचा डाग दिसेनासा झाला. बाक करकरला.

पर्समध्ये फोन वाजला.

संपादकांचा होता. बाईंनी तो घ्यायला नको होता. घेतला.

"काय लिहिलंय हो तुम्ही!" संपादक म्हणाले. "बावीस वर्षं कुठे दडवून ठेवलं होतंत हे? वार्षिक अंकात पहिली कथा तुमची. फक्त एकदा तुमच्या तोंडून ऐकायचंय. तुमचीच ना?"

मुलगी बाईंकडे पाहत होती. ओठ उघडले होते. आतून शब्द वर येताना दिसत होता.

बाईंनी पाठ फिरवली.

"हो," त्या म्हणाल्या. "माझीच."

फोन ठेवून वळल्या तेव्हा बाक रिकामा होता. बाकावर दोन तळव्यांची ओल होती, ती बाईंच्या देखत वाळली.

कथा छापून आली. विभागप्रमुखांनी अंक सूचनाफलकावर लावला, चार ठिकाणांहून भाषणाची बोलावणी आली. बाईंना छान झोप लागू लागली, हे त्यातलं सगळ्यांत वाईट. फक्त मंगळवारी त्या तिसऱ्या बाकाकडे पाहायचं टाळत. एका मंगळवारी राहवलं नाही. वर्ग भरायच्या आधी, एकट्याच असताना, त्या बाकापाशी जाऊन पटकन म्हणाल्या, "लेखक हजर."

"हजर म्हणजे काय, हजरच!" मागून वकीलकाका म्हणाले. ते दारात उभे राहून हसत होते. "आता आमच्या लेखिकेला कोण गैरहजर म्हणेल?"

बाई हसल्या. बाकावर काही झालं नाही.

त्यानंतर आठवड्याभरात एक बाई त्यांना विभागात भेटायला आली. पंचेचाळिशीच्या आतबाहेरची, हातात कापडी पिशवी, काखेत तो अंक. स्टुलावर अगदी कडेला बसली.

"मॅडम, ही गोष्ट तुम्ही लिहिलीत?"

"हो."

"शेजारणीनं वाचायला दिली. माझे मालक लिफ्टवर होते. मागच्या वर्षी गेले. त्यांचं कपाट मीच रिकामं केलं, एकटीनं." ती थांबली. "काळे बूट, लाल नाड्या. ते माझ्या ट्रंकेत आहेत, मॅडम. मी कुणाला दाखवले नाहीत. तुम्हाला कसं कळलं?"

"कथा म्हणजे कल्पना असते हो," त्या म्हणाल्या. हेच वाक्य त्या पहिल्या वर्षाला शिकवायच्या. "असतात असे योगायोग."

"असतील. मी शिकलेली नाही." तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "एकच विचारायला आले होते. आम्हाला मूलबाळ झालं नाही. मग एवढुसे बूट यांनी कुणासाठी आणले असतील? तुम्ही लिहिलंय मुलीसाठी. कुठली मुलगी, ते तुम्हाला ठाऊक असेल असं वाटलं."

तुमची मुलगी, एवढं म्हणायचं होतं. खिडकीशी बसायची, हसायची, कान लाल व्हायचे तिचे. बाईंच्या जिभेवर आलं होतं सगळं. मग तिने टेबलावर ठेवलेला अंक दिसला, त्यावरचं स्वतःचं नाव दिसलं.

"मला नाही माहीत," बाई म्हणाल्या.

"हां." ती बाई मान हलवत राहिली. मग तिने पिशवीतून एक डबा काढून टेबलावर ठेवला. "हे दुसरं एक खूळ लागलंय मला. रोज सकाळी दोन डबे भरले जातात. एक माझा, कामावरचा. दुसरा कुणाचा, काही केल्या आठवत नाही. रोज परत घरी न्यायचा जीव होत नाही. तुम्ही खाल का, मॅडम? हसू नका."

नको म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं. बाईंनी डबा ओढला. झाकण उघडलं तर अन्न गरम होतं. त्या खाली मान घालून खाऊ लागल्या. ती समोर बसून प्रत्येक घास पाहत होती. अर्धा डबा झाल्यावर बाईंनी हात आखडला, तर ती म्हणाली, "संपवा ना." बाईंनी संपवला.

तिने झाकण लावलं, डबा पिशवीत ठेवला, रुमालाला हात पुसले. मग बाईंच्या चेहऱ्याकडे कितीतरी वेळ निरखून पाहत राहिली. हळूहळू तिच्या कपाळावरच्या आठ्या सुटल्या.

तिने हात पुढे केला आणि चौपन्न वर्षांच्या बाईंचे पिकलेले केस कानामागे सारले.

"किती वाळलीस गं," ती म्हणाली. "चल, घरी जाऊ."