झेरदेच्या घामाचं गूढ

"थांब! मागे घे, परत मागे घे," मीरिम म्हणाली.

तिलेकने फोनवरचं चित्रण मागे नेलं. पडद्यावर जिबेक पालथ्या बादलीवर बसली होती. हातात लगाम आणि चेहरा असा, की कुणी तिला दात काढायला बसवलंय. तिच्या मागे उतारावरचं जुनं कबरस्तान दिसत होतं, त्याचे मातीचे घुमट आणि त्यांच्यावर उतरलेलं दुपारचं धुकं. मीरिमचा आवाज विचारत होता, "जिबेक, तुझं स्वप्न काय आहे?" जिबेक नेहमीसारखी गप्प होती.

ती गप्प असतानाच मागे ते दिसलं. दोन घुमटांच्या मधून एक घोडा अजिबात आवाज न करता गेला. पाठीवर पांढरट काहीतरी पांघरलेला स्वार होता. त्याला हात होते, खांदे होते. खांद्यांच्या वर काहीच नव्हतं.

"याचं डोकं कुठंय?" तिलेकने हळूच विचारलं.

"धुक्यात असेल."

"धुकं काय फक्त डोक्यालाच लागतं?"

मीरिमने चित्रण पुन्हा एकदा मागे नेलं आणि तिलेकला नेमकं तेच आवडलं नाही. तो घाईघाईने जाड लोकरी नमद्याच्या तंबूत शिरला आणि मावशीने तळलेले पिठाचे बोरसोक खात बसला. तिलेक घाबरला की खातो आणि घाबरला नसला तरीही खातो, त्यामुळे कुणाला काही कळलं नाही.

सुट्टीत एखाद्या तरुण खेळाडूवर माहितीपट करायचा, असं शाळेच्या चित्रपट मंडळात ठरलं होतं. बाकीच्यांनी गावातलेच कुस्तीगीर पकडले. मीरिमने मात्र आपली मावसबहीण जिबेक निवडली आणि शेजारच्या तिलेकला कॅमेऱ्यासाठी सोबत घेऊन ती मावशीच्या उन्हाळी कुरणावर आली. जिबेक तेरा वर्षांची होती. रविवारी नदीकाठच्या मैदानावर लांब पल्ल्याची शर्यत होती आणि जिबेक झेरदे नावाच्या तांबड्या घोड्यावर बसणार होती. बाकी सगळे स्वार मुलगे होते.

आणि झेरदेचंच काहीतरी बिनसलं होतं.

घोड्याची तयारी जिबेकचे आजोबा, ओर्मोन आजोबा, करत. रोज पहाटे ते घोड्यावर जाड झुली टाकत, जिबेकला त्याला थोडं पळवायला लावत आणि मग लाकडी पट्टीने त्याचा घाम निपटून दोन थेंब जिभेवर ठेवत. त्या चवीवरून घोडा किती तयार झाला, ते त्यांना कळे. आज पहाटे त्यांनी घाम चाखला आणि थुंकला.

"नुसतं पाणी," ते म्हणाले होते. "मीठ संपत आलंय. विसावा दिलेल्या घोड्याचा घाम असा नसतो. कुणीतरी याला आतून रिकामं करतंय."

ते कोण, हे कुणी बोललं नाही. मावशीने मुकाट्याने आर्चाच्या सुवासिक डहाळ्या पेटवून घोड्याभोवती धूर फिरवला. पिवळ्या केसांची चेटकीण अल्बार्स्ती लोक झोपले की चांगल्या घोड्यांवर बसते, त्यांना घामाघूम करते आणि त्यांच्या केसांत गाठी मारून जाते, हे कुरणावरच्या लहान पोरालाही ठाऊक असतं. झेरदेच्या शेपटीचे केस दुमडलेले होते, कुणी ते बांधून नुकतेच सोडल्यासारखे. शर्यतीच्या दिवसापर्यंत शेपूट बांधायची नाही, असा आजोबांचा नियम होता आणि तो घरात कुणी मोडत नसे.

"शुक्रवारपर्यंत घामात मीठ आलं नाही, तर झेरदे पळणार नाही," आजोबांनी सांगून टाकलं होतं.

मीरिमने जिबेकला ते चित्रण दाखवलं. जिबेकने एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि फोन परत दिला.

"हा झेरदेच आहे," ती म्हणाली. "दुपारी आम्ही त्याला टेकडीपलीकडे ओल्या गवतात बांधतो. तेव्हा सगळे झोपलेले असतात. बाबा तेवढे घोड्या बघायला जातात."

"मग वर बसलेलं कोण?"

जिबेकने पाय लांब केले आणि स्वतःच्याच गुडघ्यांकडे रागाने बघितलं. "यंदा रिकिबी दोनदा खाली सोडाव्या लागल्या. पुढच्या वर्षी मी जड होईन, मग मला कुणी शर्यतीत बसवणार नाही. हे शेवटचं वर्ष आहे, मीरिम."

"मग हे कॅमेऱ्यापुढे का नाही सांगत?"

"कारण माझं स्वप्न हे नाहीच." जिबेकने इकडेतिकडे पाहिलं. "मला आजोबांसारखं व्हायचंय. घोडे तयार करायचेत. पण ही विद्या आजोबा नातवाला देतात, नातीला नाही. कॅमेऱ्यापुढे बोलले, तर अख्खं कुरण हसेल. यंदा चांगली पळाले, तर विचारायची हिंमत करीन म्हणत होते."

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली, घोडीच्या दुधाच्या कुमिसचे वाडगे रिकामे झाले आणि तंबूतून घोरणं ऐकू येऊ लागलं. तिघं टेकडीकडे निघाली. वरून धुकं उतरतच होतं. कबरस्तानाशी येताच तिघांनी मृतांसाठी दुआ म्हणून तळवे चेहऱ्यावरून फिरवले. इथे पडलेल्या भिंती कुणी लिंपत नाही. त्यामुळे काही घुमट अर्धे ढासळलेले होते आणि त्यांच्या भोकांतून आतला काळोख बाहेर बघत होता. आत पाऊल टाकायचं नाही, हे ठरलं होतंच. तिघं बाहेरच्या बुटक्या भिंतीआड पोटावर पडून राहिली.

धुकं इतकं दाट झालं, की मीरिमला स्वतःचा कोपर दिसेना. कुठल्याशा घुमटावरची लोखंडी चंद्रकोर वाऱ्याने कुरकुरत होती. कुरकुर थांबली की शांतता एवढी वाढे, की ती पुन्हा सुरू व्हावीशी वाटे.

"तिलेक, काय चावतोयस?"

"कुरूत."

"आत्ता?"

"दात वाजत होते. त्यांना काम दिलं." तिलेकने वाळल्या दह्याची ती खडी गालात सरकवली.

मग टापा ऐकू आल्या. आधी डावीकडून, मग पाठीमागून, मग नुसती जमीन थरथरतेय असं वाटलं. त्या टेकडीला वळसा घालून गेल्या आणि धुक्यात विरल्या. पुन्हा आल्या, पुन्हा गेल्या. दिसलं काहीच नाही. मीरिमच्या मानेवर थंड पाणी ओघळलं. ते धुक्याचंच आहे, असं तिने स्वतःला बजावलं, पण मागे वळून बघायचा धीर तिला झाला नाही. आपण घरी असतो तर किती बरं झालं असतं, असं तिला अगदी मनापासून वाटलं.

टापा तिसऱ्यांदा आल्या आणि अगदी जवळ येऊन थांबल्या.

वाऱ्याने धुकं जरा फाटलं, तेव्हा भिंतीपलीकडे झेरदे उभा दिसला. अंगातून वाफा निघत होत्या आणि शेपूट गाठ मारून वर बांधलेली होती. पाठीवर तो पांढरा बिनडोक्याचा स्वार होता. त्याच्या छातीतून एक हात बाहेर आला आणि घोड्याची मान थोपटू लागला. झेरदेने नाक फुरफुरवलं, कान टवकारले आणि बरोबर जिबेक होती तिकडे तोंड वळवलं. तिलेकने डोळे मिटून घेतले. कॅमेरा मात्र त्याने घट्ट धरून ठेवला होता.

स्वार खाली उतरला. वाकून, आवाज न करता त्याने शेपटीची गाठ सोडली. तेव्हा जिबेकने मीरिमचं मनगट पकडलं आणि तिची नखं मीरिमच्या हातात रुतली.

घोडा आणि स्वार धुक्यात गेल्यावर कुठे जिबेक बोलली.

"उजव्या बुटावर ठिगळ होतं. ते मी शिवलंय." तिने मीरिमचं मनगट सोडलं. "ते बाबा आहेत."

नमद्याचा जाड पांढरा अंगरखा डोक्यावरून ओढून, घोड्याच्या मानेवर वाकून जिबेकचे बाबा, मिर्झात काका, बसले होते. अंगरखा डोक्यावरून घेतला की लांबून माणूस ओळखू येत नाही आणि पुढे वाकलं की डोकंही दिसत नाही. भीती पळाली, पण तिच्या जागी जे आलं ते काही बरं नव्हतं. जिबेकला रडू फुटलं. "अल्बार्स्ती असती तर चाललं असतं," ती म्हणाली. "बाबा का करतील असं?"

"आजोबांना सांगूया," तिलेक म्हणाला.

"आणि बाबांची मान खाली घालायची? आजोबा तंबूत आले की बाबा अजून उठून उभे राहतात. त्यांच्या तोंडावर 'नाही' म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. आणि बाबांना मी विचारू? मी?"

मीरिमने विचारलं, "तिलेक, हेडफोनची वायर केवढी लांब आहे?"

संध्याकाळी तंबूच्या आत ओर्मोन आजोबा हेडफोन घालून बसले होते. तिलेकचा कान दुखत होता म्हणे, आणि आवाज नीट येतोय की नाही ते कुणीतरी ऐकायला हवं होतं. आजोबांना ही जबाबदारी फार आवडली. वायर नमद्याच्या कडेखालून बाहेर, तिलेकच्या कॅमेऱ्यापर्यंत गेली होती. बाहेर, तंबूच्या भिंतीला पाठ लावून, मिर्झात काका मुलाखतीला बसले होते.

"काका, तुम्हीही लहानपणी शर्यतीत बसायचात ना?" मीरिमने विचारलं.

काका खुलले. मग तिने न बोलता आपल्या फोनवर उतरवून घेतलेलं चित्रण त्यांच्यापुढे धरलं. पडद्यावर झेरदे होता, पांढरा अंगरखा होता, ठिगळाचा बूट होता. काकांचा चेहरा उतरला. त्यांनी आधी जिबेककडे आणि मग तंबूच्या दाराकडे पाहिलं.

"हे आजोबांना दाखवू नका."

"नाही दाखवणार," मीरिम म्हणाली. आणि तिने ते खरंच कधी दाखवलं नाही. "पण का काका? झेरदे खंगतोय. शुक्रवारी आजोबा त्याला शर्यतीतून काढून टाकतील."

काका टोपी काढून हातात फिरवत राहिले.

"त्यांची नजर गेलीय," शेवटी ते हळू आवाजात म्हणाले. "दारातल्या किटलीला पाय लागतो आणि म्हणतात, किटली कुणी हलवली? आम्हाला कळत नाही असं त्यांना वाटतं. घोड्याच्या पोटाची रेघ दिसत नाही त्यांना, घामाचा रंग दिसत नाही. दिसत नाही म्हणून चाखतात. नुसत्या चवीवर घोडा तयार होतो का? तो अर्धकच्चा राहणार. पोरीचं शेवटचं वर्ष आहे. आणि वडिलांना सांगू कसं, की तुम्हाला आता दिसत नाही? म्हणून दुपारी मीच पळवून आणतो. त्यांचंही मन राहील आणि हिचंही काम होईल, असं वाटलं मला."

मग नमद्याच्या भिंतीपलीकडून आवाज आला.

"मिर्झात."

काका ताडकन उभे राहिले. टोपी खाली पडली.

"घाम चाखायला माझ्या आजोबांनी मला शिकवलं, तेव्हा मला पलीकडच्या डोंगरावरची मेंढी दिसायची. मीठ जिभेला कळतं, डोळ्याला नाही."

दाराचा पडदा बाजूला झाला. आजोबा बाहेर आले. हेडफोन डोक्यावरच होते आणि वायर मागे फरफटत होती. येताना त्यांचा पाय किटलीला लागला. त्यांनी खाली पाहिलं आणि या वेळी कुणाला काही विचारलं नाही.

"नजर गेलीय, हे खरं," ते म्हणाले. "मी ते लपवलं, हेही खरं. कुणी सांगितलं नाही म्हणून मीही बोललो नाही. पहाटे मी पळवला, दुपारी तू पळवलास, मधे तो बिचारा मेला. आणि मी म्हातारा अल्बार्स्तीला शिव्या देत बसलो!"

"बाबा, मी..."

"गप. आता झेरदेला फक्त गवत, पाणी आणि सावली. खोगीर नाही." मग त्यांनी मीरिमकडे तोंड वळवलं. "तुझ्या मित्राचा कान कसा आहे?"

"बरा झाला, आजोबा," तिलेक घाईने म्हणाला.

"वाटलंच मला."

शुक्रवारी पहाटे आजोबांनी घाम चाखला आणि थुंकला नाही. झेरदेचं नाव शर्यतीत कायम राहिलं.

रविवारी मैदानावरही धुकं आलं. घोडे सुटले आणि टेकडीआड गडप झाले. नंतर कितीतरी वेळ काहीच दिसेना, काहीच ऐकू येईना. एवढी माणसं जमलेली, पण कुणी खोकतही नव्हतं. काका जागच्या जागी येरझाऱ्या घालत होते. मग जमीन थरथरली. टापा आल्या, आधी डावीकडून, मग समोरून. मीरिमला तीच भिंत आठवली आणि अंगावर पुन्हा काटा आला. धुकं फोडून दोन काळे घोडे निघाले आणि त्यांच्या मागे, अगदी मागे, पण बाकी सगळ्यांच्या पुढे, झेरदे. जिबेक तिसरी आली होती.

काकांनी तिला घोड्यावरून उचलून उतरवलं. गोळा झालेल्या म्हाताऱ्यांपैकी एकजण मीरिमच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "ओर्मोनने सांगितलं आम्हाला. भूत तुम्ही पकडलंत म्हणे. शहाणी पोरं आहात." तिलेकने छाती एवढी फुगवली, की कॅमेरा हलला.

आजोबांनी लाकडी पट्टी झेरदेच्या मानेवरून फिरवली. घामाचे थेंब बोटावर घेतले. बोट तोंडापर्यंत गेलं आणि थांबलं. त्यांनी ते बोट जिबेकपुढे धरलं.

"चाख."

आजूबाजूची माणसं बोलायची थांबली. जिबेकने वडिलांकडे पाहिलं. काकांनी मान हलवली. तिने थेंब जिभेवर घेतला आणि डोळे मिटले.

"मीठ आहे," ती म्हणाली. "भरपूर आहे. हा अजून पळेल, आजोबा."

आजोबांनी उरलेला थेंब स्वतः चाखला. "बरोबर," ते म्हणाले. "तू जड झालीस की खोगिरावरून उतरायचं आणि माझ्या शेजारी उभं राहायचं. मला डोळे हवेत आणि तुला जीभ तयार करायचीय. उद्या पहाटे उशीर करू नकोस."

"तिलेक, घेतलंस ना?" मीरिमने विचारलं.

तिलेकने घेतलं होतं. पण त्याच वेळी तो बाहीने डोळेही पुसत होता, त्यामुळे चित्रणात फक्त चिखलातले बूट आले. आजोबांचे, जिबेकचे आणि मागे काकांचा ठिगळाचा. आवाज मात्र स्पष्ट होते.

शाळा उघडल्यावर माहितीपट सगळ्यांना दाखवला, तेव्हा वर्ग शेवटपर्यंत चिडीचूप होता. सरांनी तो पुन्हा एकदा लावायला सांगितला. संपल्यावर ते म्हणाले, "फार छान केलंत. पण शेवटी कॅमेरा खाली का गेला?"

"धुकं होतं, सर," तिलेक म्हणाला.

"धुकं काय फक्त डोळ्यांनाच लागतं?" मीरिमने विचारलं आणि खिशातला कुरूत त्याच्या हातावर ठेवला.