फरशीखालचा माणूस

"माले एक हात शोधी द्या," मदिनाबी खुर्चीच्या कडेला टेकत म्हणाल्या.

प्रेमचंदला वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. नंदुरबारच्या खासगी तपासनीस मयूरी गिरासेंची जीप तो सहा वर्षं चालवत होता. पळून गेलेली माणसं शोधली होती, चोरीची जनावरंही. हात शोधायचं काम पहिल्यांदाच आलं होतं.

म्हातारीने सांगितलं ते असं. तापीकाठच्या सावळखेड्यात भर गल्लीत उत्खनन चाललं होतं. पडक्या घरांच्या जोत्यांखाली मध्ययुगातल्या घरांच्या भिंती निघत होत्या. काल गोपालभाई पटेलांच्या पडलेल्या खोलीत, विटांच्या फरशीखाली, एक पालथा सांगाडा लागला. कवटी आणि पाठ तेवढी मोकळी करून माणसं जेवायला गेली. परतली, तर पोटाखालची माती उकरलेली आणि उजवा हात मनगटापासून नाहीसा.

"मन्हा घरवाला गवंडी व्हता, दाऊद. चुनानी घाणीमा त्याना उजवा हातनी दोन बोटं गयी व्हती. अठ्ठावीस वरीस व्हयनात. लोक सांगतस, बाई लिसन सुरतले पळी गया."

जीप गावात शिरली तेव्हा ऊन डोक्यावर होतं. तरी ती गल्ली थंड आणि ओलसर वाटत होती. ओट्यांवर माणसं जीपकडे बघत बसली होती.

उत्खननाच्या प्रमुख सीमा वळवी यांनी मदिनाबींचा संशय हळुवारपणे बाजूला सारला. फरशी जुन्या विटांची, चुन्यात बसवलेली, कुठेही फोडलेली नव्हती. दोनशे वर्षं तरी जुनी. तिच्याखालचा माणूस त्याहून जुना.

काढलेल्या विटांवर खडूने रांगांचे आकडे घातले होते. मयूरीने एकेक वीट हातात घेऊन वरची बाजू कुठली ते विचारलं. बहुतेक विटा वरून पायांनी झिजून खोलगट झाल्या होत्या. मधल्या तीन रांगांच्या विटा मात्र वरून कोऱ्या आणि खालून खोलगट होत्या. प्रेमचंदला त्यात विशेष काही दिसलं नाही.

खड्डा पुरुषभर खोल होता. सांगाड्याच्या पोटाखाली वाटीएवढं एकच भोक पाडलेलं, बाकी माती जशीच्या तशी.

गोपालभाई समोरच्या ओट्यावर होते. लकव्याने उजवं अंग गेलेलं. दोघांनी धरल्याशिवाय उठता येत नव्हतं. हे लोक घर सरकारजमा करतील या रागाने त्यांनी उत्खननवाल्यांशी अबोला धरला होता. मयूरीने घरच्या बांधकामाचं विचारलं, तसे ते जरा निवळले. फरशी मधे खचली होती, म्हणून दाऊदला लावलं आणि घरची सगळी मंडळी सारंगखेड्याच्या यात्रेला गेली. आठ दिवसांनी आले तर फरशी पूर्ण, आरशासारखी सपाट. दाऊद मात्र निघून गेलेला.

शेवटी धुडकू. मजुरांचा म्होरक्या, साठीला आलेला, एके काळी दाऊदचा हाताखालचा माणूस. तो मापाची दोरी गुंडाळत शांतपणे बोलला. बारा वर्षं चुन्याची घमेली वाहिली, थापी कधी हातात धरली नाही. त्या सकाळी दाऊदला सुरतेच्या गाडीत त्यानेच बसवून दिलं होतं.

"आणि फरशीचं काम?" मयूरीने विचारलं.

"अर्धं टाकी गया. मी घर चालना गया."

संध्याकाळी फौजदार आले. मयूरीने सगळ्यांना खड्ड्याच्या कडेला बोलावलं.

"हात चोरणाऱ्याला बोटांची खूण लपवायची होती," ती म्हणाली. "म्हणजे हा माणूस कोण, हे त्याला ठाऊक होतं. हात मातीत दडलेला असताना त्याने एकच भोक पाडलं, नेमकं पोटाखाली. प्रेत कसं ठेवलंय हे पुरणाऱ्यालाच माहीत असतं. गोपालभाईंना या खड्ड्यात उतरणं शक्य नाही."

"पण फरशी?" सीमाने विचारलं.

"पायांनी वीट खालून झिजत नाही, ताई. त्या तीन रांगा उपसून पुन्हा, उलट्या बसवल्यात. यात्रेहून परतलेल्या गोपालभाईंना फरशी पूर्ण दिसली. धुडकूबाबा, तुम्ही म्हणता दाऊद अर्धं काम टाकून गेला. मग उरलेलं केलं कोणी? घरात दुसरं कोणी नव्हतंच."

धुडकूच्या हातातली दोरी सुटली.

मग तो मान खाली घालून सांगू लागला. बारा वर्षांत दाऊदने त्याला एक वीट बसवू दिली नव्हती. त्या दिवशी त्याने थापी मागितली. दाऊद हसला, हे हात ओझं वाहायचेच म्हणाला. धुडकूने माती ठोकायचा धुम्मस उचलला.

"दोन दिन लागनात माले," तो म्हणाला. "पहिली फरशी मन्ही. कोणाले वळखू ऊनी नही."

प्रेमचंदला त्या आवाजात पश्चात्तापाखाली दुसरंही काही ऐकू आलं, आणि त्याने तोंड फिरवलं. हात चाळलेल्या मातीच्या ढिगात सापडला. दोन बोटं नव्हती.

तपासण्या उरकून महिन्याभराने दाऊदचं दफन झालं. त्या दुपारी मदिनाबींनी बांगड्या उतरवल्या आणि इद्दतला, विधवेने घरातच काढायच्या त्या चार महिने दहा दिवसांना, बसायचं ठरवलं. मौलवींनी समजावलं, मुदत मरणाच्या दिवसापासून धरतात, ती केव्हाच सरली, आता गरज नाही.

"माले बठू द्या," त्या म्हणाल्या, आणि आतून दार लावून घेतलं.