दगड चालत नाहीत, मेमे

"दगड चालत नाहीत, मेमे-ले. नजर चालते. या वयात तर फारच."

गोबा असं म्हणाले आणि सगळं स्वयंपाकघर हसलं. गोबा म्हणजे ग्योन गावाचे प्रमुख. ते विनोद करायचे आणि हसायचेही आधी तेच.

कुंझेस चुलीमागे पीठ मळत होती. ती हसली नाही. तिचे मेमे, म्हणजे आजोबा, मानाने मेमे-ले, खिडकीपाशी आपल्या मळकट तांबड्या गादीवर बसले होते आणि हातातल्या वाटीतला लोणी घातलेला चहा गार होत चालला होता.

"मी एवढंच म्हणतो," मेमे हळू आवाजात म्हणाले, "की न्यितो उजवीकडे सरकलाय. इथून बघितलं की तो खिडकीच्या मधल्या पट्टीला चिकटलेला दिसायचा. आता मध्ये हातभर आभाळ दिसतं."

"तुमची गादीच सरकली असेल!" मागून कोणीतरी म्हणालं. पुन्हा हशा.

ग्योनमध्ये कुरणाचं गवत कापायला कोणी आपल्या मनाने विळा उचलत नाही. समोरच्या डोंगराच्या धारेवर दगडांची एक उंच रास आहे, तीच न्यितो. उन्हाळ्यातल्या एका सकाळी सूर्य बरोबर तिच्यामागून वर येतो. मेमे ते या गादीवरून बघतात, छतावर चढतात आणि हाक देतात, "विळे काढा!" त्यांच्या आधी त्यांचे वडील देत. यंदा मात्र सूर्य रोज न्यितोच्या डावीकडूनच उगवत होता. मेमे रोज म्हणत, "अजून नाही." आणि तिकडे गवत पिवळं पडत होतं. खालच्या लुंगमार गावात तर गंजी रचूनही झाल्या होत्या.

"आणखी आठ दिवस वाट बघू," गोबा उठताना म्हणाले. "गवताच्या काड्या झाल्या तर हिवाळ्यात याकांना काय घालायचं? पुढच्या वर्षीपासून छापील कॅलेंडरावर खूण करू. मेमे-लेंनी पुष्कळ केलं. आता आराम करू दे त्यांना."

सगळे गेले. मेमेंनी गादी उचलली, खालची जमीन हाताने चाचपली आणि गादी परत होती तिथेच ठेवली.

"कुंझेस," ते म्हणाले, "खरंच सरकली असेल का गं?"

मेमेंनी कधी कुणाला असं विचारलेलं तिने ऐकलं नव्हतं. तिच्या मनात एक बेत तिथेच शिजायला लागला.

शाळेला उन्हाळ्याची पंधरा दिवसांची सुट्टी होती. डोंगराच्या पलीकडच्या उतारावर, उन्हाळी कुरणात, तिच्या आने-ले म्हणजे आत्या याकांची धार काढत, लोणी घुसळत राहत होत्या. त्यांना मीठ, चहा आणि जवाचं पीठ पोचवायचं होतंच. गावासमोरची डोंगराची बाजू नुसती घसरडी, तिथून मांजरही चढत नसे. वळसा घालून दोन दिवस लागत. त्यामुळे मोठी माणसं कामं टाकून कशाला जातील?

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी तिने मेमेंचा गोल आरसा मागितला. हनुवटीवरचे चार केस उपटायला मेमे तो वापरत.

"तेरवा, दुपारचा दुसरा चहा झाला की गादीवर बसा," तिने त्यांच्या कानात सांगितलं. "धारेवर उजेड चमकेल. तो पट्टीला चिकटलेला दिसला तर छतावर पांढरी घोंगडी टाका."

मेमेंनी आरसा बाहीला पुसून तिच्या हातात दिला.

तिच्याबरोबर गोबांची दोन मुलं निघाली, तेरा वर्षांचा थिनलेस आणि दहा वर्षांची स्पालझेस. सामान गाढवाच्या पाठीवर. गाढवाचं नाव साहेब, कारण ते कधीच वेळेवर निघत नसे आणि मध्येच थांबलं तर कारण सांगत नसे.

"उगाच पायपीट," थिनलेस वाटेत म्हणाला. "माझे आबा गोबा आहेत. गोबांचं चुकत नसतं."

"मग तुमची गाय दरवर्षी आमच्या वाटाण्यात का असते?"

"गाय गोबा नाहीये!"

"तिला तसं सांगितलंय का कोणी?" स्पालझेसने विचारलं, आणि थिनलेस पुढे काही वेळ साहेबाशीच बोलत चालला.

वाट नदीच्या काठाने जात होती. विलोच्या झाडांखाली सावली निळी होती आणि पाण्याचा आवाज इतका सारखा होता की थोड्या वेळाने तो ऐकूच येईना. नुसतं आपण कुठल्यातरी मोठ्या श्वासाच्या आत चाललोय असं वाटू लागलं. लुंगमारला पोचले तेव्हा गंजींवर संध्याकाळचं ऊन बसलं होतं. एका आबी-लेंनी, बोळक्या तोंडाच्या आजीबाईंनी, मुलांना आपल्या शेतात तंबू ठोकू दिला आणि खंबीर नावाच्या जाड, आंबवलेल्या रोट्या दिल्या.

"ग्योनचे का रे तुम्ही? तुमच्याकडे सूर्य अजून झोपलाय म्हणे," आबी-ले हसल्या.

कुंझेसने हातातली रोटी खाली ठेवली. तंबूत पडल्यावर तिने आरसा छातीशी धरला. कापडातून चांदण्यांचा पुसट उजेड झिरपत होता. मेमेंचं बोट तिला दिसलं, जमीन चाचपणारं. मग ते बोट नदी झालं, नदीची वाट झाली, आणि ती झोपली.

दुसऱ्या दिवशी चढ. जर्दाळूची झाडं खाली राहिली, मग विलो, मग नुसती काटेरी झुडपं आणि शेवटी गवत आणि आभाळ. स्पालझेस दर वळणावर विचारे, "आलं?" आणि थिनलेस दर वळणावर म्हणे, "हे काय, आलंच." उन्हाळी कुरणात पोचले तेव्हा आने-लेंच्या दगडी झोपडीतून धूर सरळ वर जात होता. त्यांनी तिघांपुढे दह्याचे वाडगे ठेवले.

"आने-ले, धारेवरचा न्यितो ठीक आहे ना?" कुंझेसने जपून विचारलं.

"ठीक? यंदा तर काय थाट आहे त्याचा! मी कुरणात आले त्याआधीच वर तंबूवाल्यांचा तळ पडलाय, शहरातले पाहुणे येतात. मी सरपणाला जाते तेव्हा रोज एक दगड ठेवते. सगळेच ठेवतात. जवळजवळ दुप्पट झालाय."

तिसऱ्या दिवशी सकाळी तिघं धारेवर पोचले. वारा असा होता की बोललेले शब्द आधी पलीकडच्या दरीत जात आणि मग ऐकू येत. न्यितो खरंच थाटात उभा होता, नव्या पताका लावलेला. रीतीप्रमाणे तिघांनी एकेक दगड उचलून त्यावर ठेवला आणि देवांच्या नावाने ओरडले.

"बघितलंस?" थिनलेस म्हणाला. "न्यितो जागेवर आहे. आता परत जाऊन मेमे-लेंना सांग, की गादी—"

"गप्प बस ना जरा," स्पालझेस म्हणाली. ती राशीला नाक लावून उभी होती. "या दगडांवर दगडफूल आहे. नारिंगी."

"असतंच."

"पण ते उन्हाकडच्या बाजूला येतं. इथे बघ, या दगडाचं खाली दबलंय, याचं आत तोंड, याचं मागे. सगळे दगड झोपेत कूस बदलल्यासारखे."

कुंझेस खाली वाकली. नवे दगड वर होते, कोरे. खालचे सगळे जुने, आणि सगळे उलटेसुलटे. दगड चालले नव्हते. कोणीतरी त्यांना उचलून आणलं होतं!

"मी पण ठेवला," थिनलेस पुटपुटला. "आत्ता. खोट्या राशीवर."

"आपण सगळ्यांनीच ठेवलाय," कुंझेस म्हणाली. "आने-लेंनी तर रोज. म्हणून तर कोणाला शंका आली नाही."

धारेवर, गावातून बघितलं तर डावीकडे, सव्वाशे पावलांवर तळाचे पिवळे तंबू होते. तळाचे मालक वांगदुस काळा चष्मा लावून खुर्चीत बसले होते. समोर आठ पाहुणे चहा पीत होते.

"सरळ विचारू या," कुंझेस म्हणाली.

"सरळ विचारलं तर सरळ नाही म्हणतील," थिनलेस म्हणाला. "मोठ्या माणसांचं मला ठाऊक आहे. माझ्या घरी एक आहे." आणि हसत पुढे जाऊन त्याने त्यांना मामा म्हणत नमस्कार केला. "जुले, आजंग-ले! काय सुंदर न्यितो आहे तुमचा. एवढी उंच रास रचायची म्हणजे कारागीरच पाहिजे."

वांगदुस खुलले. "आवडला? अरे, आधी होता हा इकडे, आमचा स्वयंपाकाचा तंबू आहे ना, इथे. फोटोत मागे बर्फाचं शिखरच यायचं नाही. मग चार माणसं लावली. दोन दिवसांत तिकडे! आता बघ, प्रत्येक पाहुणा तिथेच फोटो काढतो."

"आणि तुम्ही गावात कोणाला विचारलं नाही?" कुंझेस पुढे आली. तिने बाहीने डोळे पुसले. "त्या राशीवरून आमचं गवत कापायचा दिवस ठरतो. दहा दिवस गाव थांबलंय. माझ्या मेमेंना सगळे आंधळे म्हणतात."

वाऱ्याने पताका फडफडल्या. पाहुण्यांपैकी पांढऱ्या केसांच्या एक बाई हिंदीत म्हणाल्या, "काय झालं? मुलगी का रडते आहे?" स्पालझेसने शाळेतल्या हिंदीत सगळं सांगितलं, दगडफुलासकट. बाईंनी कप खाली ठेवला.

"वांगदुस जी, आम्ही घड्याळाचे काटे उपटून त्यांच्याबरोबर फोटो काढत होतो की काय?"

वांगदुसनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय ते बरेच लहान दिसत होते. "माझे मेमे पण गवत बघून दिवस सांगायचे," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. मग उठून आचाऱ्याला हाक मारली, "चूल विझव. तंबू काढ."

तंबूखालची जमीन फिकट, गोल निघाली. मध्ये देवासाठी ठेवलेली जुनिपरच्या सुवासिक पाल्याची वाळकी जुडी चिरडून पडली होती. कुंझेसने ती उचलली, फुंकर घातली आणि त्या गोलात उभी राहिली.

खाली ग्योन होतं. इतकं लहान, की तळहातावर मावेल. घराची खिडकी म्हणजे एक काळा ठिपका.

दुपारचा दुसरा चहा झाला असेल अशा वेळी सूर्य गावाच्या बाजूला कलला. तिने डावा हात लांब केला, दोन बोटांच्या फटीत घर धरलं आणि आरशाचा कवडसा त्या बोटांवर पाडला. एकदा. दोनदा. तीनदा. मग नुसतं थांबणं. खाली काहीच हललं नाही.

"झोपले असतील," थिनलेस हळूच म्हणाला. ते टोमण्यासारखं नव्हतं.

"नाही झोपणार." तिचा हात भरून आला होता. तिने पुन्हा कवडसा पाडला.

आणि घराच्या छतावर तांदळाच्या कणीएवढं पांढरं काहीतरी उमललं.

त्या संध्याकाळी धारेवर दगडांची रांग लागली. न्यितो पाडायचा नसतो, म्हणून वांगदुस आधी त्याच्यापुढे वाकले आणि मग एकेक दगड हातोहात जुन्या जागी जाऊ लागला. आचारी, पाहुणे, मुलं, आने-ले, सगळे रांगेत. पांढऱ्या केसांच्या बाई प्रत्येक दगड हातात घेताना त्याला सॉरी म्हणत होत्या. स्पालझेस दगडफुलाची बाजू उन्हाकडे येते की नाही ते तपासत होती आणि मोठ्या माणसांना बिनधास्त रागावत होती. साहेबाने एकही दगड वाहिला नाही.

पहाटे कुंझेसला जाग आली. ती तंबूबाहेर जाऊन न्यितोला टेकून बसली. मागून ऊन आलं आणि सावकाश पलीकडच्या उतारावरून गावात उतरलं. आधी छतं, मग झाडं, मग कुरण. आणि कुरणात काहीतरी लुकलुकलं. एक ठिणगी, मग दहा, मग मोजता येईनात. विळे होते ते! सगळं गाव कापणीला उतरलं होतं. काल तिने खाली पाठवलेला उजेड जणू आता तिच्याकडे परत येत होता.

दोन दिवसांनी ते घरी पोचले तेव्हा स्वयंपाकघर पुन्हा भरलेलं होतं, गवताच्या वासाने आणि माणसांनी.

"आम्ही सगळे पाळीपाळीने गादीवर बसलो," कुंझेसची आमा, म्हणजे आई, सांगत होती. "चमक बरोबर पट्टीला चिकटून! म्हणजे कापणीचा दिवस कधीच उलटला होता. आणि सगळ्यांच्या आधी कोणी पाहिली? मेमे-लेंनीच."

थिनलेसने घसा खाकरला. "आबा-ले, दगड चालत नाहीत हे खरं आहे. पण ते कोणी हलवले का, हे बघायला आपण चालायला पाहिजे होतं."

गोबांनी मुलाकडे पाहिलं, मग मेमेंकडे, आणि मग डोक्यावरची टोपी काढून मेमेंपुढे वाकले. "चुकलो, मेमे-ले. कॅलेंडर मी भिंतीवर लावीन, पण दिवस तुमच्याच तोंडून ऐकीन. आणि तुम्ही तिघं! एवढं डोकं तुम्हाला कुठून आलं?"

"आईकडून," स्पालझेस म्हणाली, आणि यावेळी गोबा सगळ्यांच्या शेवटी हसले.

कुंझेसने आरसा परत दिला. मेमेंनी तो बाहीला पुसला, फळीवर ठेवला आणि खिडकीपाशी जाऊन बसले. मग थोडे बाजूला झाले आणि गादीही त्यांनी ओढून घेतली, इतकी की भिंतीकडे आणखी एकाला बसता यावं. यंदा ती पहिल्यांदाच खरोखर सरकली होती, कुंझेसपुरती.