एका पिल्लाची दोन गिऱ्हाइकं

सातिवलीच्या त्या गोदामापुढे मी उभी होते तेव्हा माझ्या पर्समध्ये दुधाची बाटली, एक जुना टॉवेल आणि नवाकोरा गळपट्टा होता. पिल्लू विमानानं लांबून येणार, भुकेलं असणार, घाबरलेलं असणार... म्हणून. आणि पहारेकरी माझ्याकडे असा बघत होता, जणू मी त्याला विमानतळ कुठाय ते विचारत होते. "मॅडम, इथे प्लास्टिकचे दाणे येतात," तो म्हणाला. "कुत्रे नाही येत."

मी पत्ता परत दाखवला. पत्ता बरोबर होता. माणूस तेवढा चुकीच्या ठिकाणी आला होता, आणि तो माणूस मी होते.

तेवढ्यात बाजूला एक स्कूटर थांबली. उंच, उन्हानं रापलेला, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेला एक तरुण उतरला. स्कूटरवर पायाशी टोपली, टोपलीत केळीची सुकी पानं मऊशार अंथरलेली. त्यानं पहारेकऱ्यापुढे फोन धरला आणि विचारलं, हे पार्सल कुठल्या दारात मिळेल. मी मान वाकडी करून पाहिलं. लाल प्लास्टिकच्या स्टुलावर बसलेलं सोनेरी पिल्लू, एक कान दुमडलेला. अगं बाई, हे तर माझं.

"ओ, ते माझं पिल्लू आहे," मी म्हटलं.

त्यानं वळून बघितलं. डोळे काळेभोर, आणि त्या क्षणी बऱ्यापैकी रागावलेले. "तुमचं कसं? पैसे मी भरलेत."

"मी पण भरलेत..."

पहारेकऱ्याला सगळं आमच्या आधी कळलं. त्यानं खुर्ची ओढून सावलीत नेली आणि आम्हाला बसायला सांगितलं, आजारी माणसांना सांगतात तसं. म्हणाला, या महिन्यात अशी बरीच माणसं आली.

खुर्ची एकच होती. त्या तरुणानं मला बसवलं आणि स्वतः शेजारी उकिडवा बसला. आम्ही दोन फोन एकमेकांना लावून सगळं ताडून पाहिलं. नंबर तोच, स्टूल तेच, पिल्लू तेच. फक्त मला तो विकणारा फर्डिनंड म्हणून भेटला होता. व्हिडिओवर त्याच्या मागे मरियामाऊलीची मूर्ती, पुढे मेणबत्ती, आणि पैशांचं बोलण्याआधी त्यानं क्रूसाची खूण केली होती. खरं सांगते, त्या खुणेवरच मी विरघळले. म्हटलं, माणूस आपल्यातला आहे, आपल्याला कशाला फसवेल. या शेजारच्याला तो हरिभाऊ म्हणून भेटला होता. मागे गणपती, कपाळाला गंध.

"दोन्हीकडच्या देवांना कामाला लावलंय त्यानं," तो म्हणाला, आणि हसला. मलाही हसू आलं. फसल्यावर इतकं बरं वाटू नये, पण वाटलं.

त्याचं नाव देवेश. वटारला केळीची आणि चाफ्याची वाडी. घरचा जुना कुत्रा गेल्यापासून आई, जयवंतीबाई, धड जेवत नव्हती, म्हणून तिच्यासाठी हे पिल्लू. तिनं जुन्या लुगड्याची छोटी गोधडीही शिवून ठेवली होती. मग म्हणाला, स्वतःहून असल्या नंबरावर गेलो नसतो हो, पण हा मेसेज आला... आणि त्यानं तो मेसेज मला वाचायला दिला.

"पिल्लू हवं असेल तर या नंबरवर बोला. माणूस शंभर टक्के खात्रीचा. मी स्वतः तपासलं आहे. – ॲनिशा, पतपेढी."

ॲनिशा म्हणजे मी.

आता माझी ओळख करून द्यायलाच हवी. मी नंदाखालची. गावातल्या पतपेढीत काम करते, आणि महिन्यातून एकदा रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या हॉलमध्ये लोकांना ऑनलाइन फसवणुकीपासून सावध करते. हो, मीच. ओटीपी देऊ नका, अनोळखी माणसाला आगाऊ पैसे पाठवू नका, असं माईकवरून सांगते, आणि म्हाताऱ्या बाया माना डोलावतात. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! पैसे पाठवले त्याच संध्याकाळी मी तो मेसेज महिलांच्या ग्रुपवर टाकला होता. पिल्लाचा एक केस हाताला लागला नव्हता आणि मी खात्री वाटत सुटले होते.

"ही बया एकदा भेटू दे मला," देवेश म्हणाला. "तुमचं नाव काय?"

"रिचेल," मी म्हटलं. रिचेल माझी मावसबहीण. "पापडीला राहते."

वटार आणि नंदाखाल इतकी जवळ, की खरं गाव सांगितलं असतं तर त्यानं दुसऱ्या दिवशी माझ्या सात पिढ्या शोधून काढल्या असत्या. एक लाज झाकायला मी दुसरी माती खाल्ली, आणि वर त्यानं प्रेमानं मला पापडीपर्यंत सोडलं. मी एका अनोळखी फाटकापाशी उतरले, हात हलवला, तो वळणावरून गेल्यावर बस पकडून उलटी नंदाखालला आले. बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसले होते.

त्याला पोलिसांत तक्रार द्यायची होती, दोघांची मिळून. तक्रारीत खरं नाव लागतं. मी म्हणायचे, आधी पुरावे जमवू. त्या पुराव्यांच्या नावाखाली आम्ही भेटत राहिलो. कधी निर्मळच्या तळ्याकाठी, कधी अर्नाळ्याच्या वाळूत. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते कळलंही नाही. परतीच्या पावसाची एखादी सर अवचित यायची, मग आम्ही एका छत्रीत... आणि तो मुद्दाम छत्री माझ्याकडे झुकवून स्वतःचा खांदा भिजू द्यायचा.

"तुझा फर्डिनंड तुला रोज गुड मॉर्निंग पाठवायचा?" त्यानं एकदा विचारलं.

"फुलांसकट. तुझा हरिभाऊ?"

"मला फुलं कोण पाठवणार? मीच पिकवतो ती." आणि खिशातून रुमालात गुंडाळलेला सोनचाफा काढून त्यानं माझ्या तळहातावर ठेवला. वर बघितलंच नाही माझ्याकडे. माझेही कान तापले होते.

तो जितका आवडत गेला, तितकी माझी मला शरम वाटत गेली. रात्री आडवी झाले की त्या ॲनिशाबद्दल तो काय काय बोलला ते आठवायचं. वाईट नव्हता बोलत. एवढंच म्हणायचा, की बाई, नाव घालतेस तर नीट बघून तरी घाल, तुझ्या नावावर लोक पैसे काढून देतात. आणि इकडे चर्चच्या दारात बाया मला गाठून विचारायच्या, पिल्लू कुठवर आलं? ऑक्टोबरात आमच्याकडे फादर घरच्या जनावरांना आशीर्वाद देतात, तेव्हा मीही पिल्लू आणणार असं गावभर सांगून बसले होते. मी म्हणायचे, विमान लेट झालंय. तोंडानं खोटं आणि गळ्यात जपमाळ.

मग ती निर्मळची संध्याकाळ आली. देवेश आला तोच काळजीत. अर्नाळ्याची मालूमावशी, त्याच्या आईची मैत्रीण. नवरा बोटीवर गेला की घरात एकटी, म्हणून सोबतीला कुत्रा हवा होता. तोच मेसेज फिरत फिरत तिच्यापर्यंत पोचला होता आणि ती उद्या पैसे पाठवणार होती. मासळी विकून साठवलेले. देवेशनं पुन्हा पुन्हा सांगितलं, मावशी, हा लबाड आहे. तिला पटेना. तिचं म्हणणं त्यानं तिच्याच सुरात मला ऐकवलं: "शिकलेली बाय हाय ती. तिनं नाव लिवलंय खाली. ती कोनाला बुडवंल?"

"माझं ऐकत नाही ती," तो म्हणाला. "ती ॲनिशा स्वतः सांगेल तरच ऐकेल. कुठे शोधू आता तिला..."

मी तळ्याकडे बघत राहिले. ती त्याच्यापासून हातभर अंतरावर बसली होती.

त्याला वाटलं मला मालूमावशीची काळजी वाटतेय. त्यानं माझा हात हातात घेतला, अगदी हलके, सोडवून घेता येईल असा. "रिचेल... ही वेळ नाही, पण सांगतो. मला तू आवडतेस. पिल्लू गेलं तर गेलं. तू भेटलीस."

आयुष्यात कुणी मला असं काही म्हटलं नव्हतं, आणि जे म्हटलं ते दुसरीच्या नावानं. मी हात सोडवून घेतला. घरी जायला हवं एवढंच बोलले आणि त्याला तिथेच बसलेला सोडून निघाले. मागे वळून बघायची हिंमत झाली नाही.

घरी पप्पा पडवीत नारळ सोलत होते. मी समोर उभी राहिले आणि म्हटलं, "पप्पा, पिल्लू येणार नाही. मी फसले."

त्यांनी नारळ खाली ठेवला. "विमान इतकं लेट होत नाही, बाय," ते म्हणाले. "मी वाट बघत होतो, कधी सांगतेस त्याची."

मी रडले. मग तोंड धुतलं, फोन घेतला. नुसतं लिहून टाकलं असतं तर लोकांना वाटलं असतं कुणीतरी खोडी काढली. मालूमावशीला माझा आवाज हवा होता. आणि तो आवाज फिरत फिरत वटारला पोचणार, देवेश पहिल्या शब्दाला तो ओळखणार, हे मला ठाऊक होतं. तरी मी बटण दाबून धरलं.

"मी ॲनिशा बोलतेय, नंदाखालची, पतपेढीतली. पिल्लाचा मेसेज मीच टाकला होता. तो माणूस चोर आहे. मी फसले, आणि तुम्हाला खात्री दिली तेव्हा मी काहीच तपासलं नव्हतं. त्यानं देवाची खूण केली म्हणून मी विश्वास ठेवला. त्याला एक पैसा पाठवू नका. कुत्रा घ्यायचा तर स्वतः जाऊन घ्या, पिल्लू त्याच्या आईजवळ बघा. बघायला येऊ नका म्हणाला, उद्या दुसरं गिऱ्हाईक नेईल म्हणाला, पिंजऱ्याचे आणि विम्याचे वेगळे पैसे मागितले, की फोन ठेवा. ज्यांनी माझ्यामुळे पैसे दिले, त्यांची मी माफी मागते. माझ्यामुळे फसलेल्या एकाला तर मी माझं नावसुद्धा खोटं सांगितलं. त्याची जास्त."

पाठवलं. फोन उशीखाली ढकलला.

रविवारी चर्चमध्ये सगळ्यांच्या नजरा अंगाला टोचत होत्या. मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. फादरांनी दारात गाईंवर, बकऱ्यांवर, पोपटाच्या पिंजऱ्यावर पाणी शिंपडलं आणि मी रिकाम्या हातानं उभी राहिले. पळून जावंसं वाटत होतं. पप्पा शेजारी होते म्हणून टिकले. देवेशचा फोन नाही, मेसेज नाही. आपणच तोडलं, आता रडायचं कशाला, असं स्वतःला बजावलं आणि रडलेच.

त्याच दिवशी दुपारी फाटकाची कडी वाजली. देवेश होता. शर्ट चुरगळलेला, चेहरा घट्ट. आत आला नाही. मीच अंगणात गेले.

"मालूमावशीनं पैसे पाठवले नाहीत," तो म्हणाला.

"बरं झालं."

"फोन आईच्या हातात होता. मी केळीला पाणी लावत होतो. तुझा आवाज ऐकला आणि..." तो थांबला. "दोन दिवस तुझ्याशी मनातल्या मनात भांडतोय. मला फार राग आलाय."

"यायलाच हवा," मी म्हटलं. मान वर होत नव्हती. "त्या दिवशी तू रिचेलशी बोललास. तिच्या नावानं उत्तर द्यायचा हक्क मला नव्हता. म्हणून उठून गेले."

मग पडवीतून पप्पांनी विचारलं, कोण आलंय.

खोटं बोलायची सोपी वाट अजूनही होती. पतपेढीतलं कुणीतरी, असं म्हटलं असतं तर खपलं असतं. "वटारचा देवेश, पप्पा," मी म्हटलं. "माझ्या मेसेजमुळे फसला तो. त्यालाच मी नाव खोटं सांगितलं."

"मग दारात काय उभा केलायस त्याला?" पप्पा म्हणाले आणि उठून चहाचं आधण ठेवायला आत गेले.

देवेशनं फाटक ढकललं. माझ्यासमोर येऊन उभा राहिला, इतका जवळ की त्याच्या शर्टाला लागलेला केळीच्या चिकाचा डाग मला दिसला.

"ॲनिशा," तो म्हणाला. माझं नाव त्यानं पहिल्यांदाच मला उद्देशून घेतलं. "राग आहे तो आहेच. पण तू मला आवडतेस. तू, समजलं ना?"

"मलाही तू आवडतोस," मी म्हटलं. नजर त्याच्यावरून काढली नाही. "उद्या पोलिसांत जाऊ. तक्रारीत पहिलं नाव माझं लिहायचं."